पंख थांबवितो तो प्रकाश, शटर नव्हे

दिनदर्शिकेच्या पानावर किंवा निसर्गविषयक मासिकाच्या मुखपृष्ठावर एक छायाचित्र हमखास पाहावयास मिळते. लालभडक फुलासमोर हवेत अधांतरी स्थिरावलेला अंगठ्याएवढा पक्षी, फुलाच्या नळीकडे रोखलेली सुईसारखी चोच आणि पसरलेल्या पंखातील पीस न् पीस मोजता येईल इतके स्पष्ट. हा पक्षी म्हणजे केवळ अमेरिका खंडात आढळणारा हमिंगबर्ड. प्रत्यक्षात हा पक्षी फुलासमोर तरंगत असताना माणसाच्या डोळ्यांना त्याचे पंख दिसतच नाहीत. शरीराच्या दोन्ही बाजूंना एक धूसर पट्टा तेवढा जाणवतो आणि कानांवर गुणगुण येते.

असे छायाचित्र पाहिले की कॅमेरा फार महागडा असला पाहिजे आणि त्याचे शटर फार वेगाने उघडून मिटले असले पाहिजे, असा सर्वसाधारण समज होतो. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. या पद्धतीची बहुतेक छायाचित्रे १/२०० किंवा १/२५० सेकंद एवढ्या शटरवेगावर टिपली जातात. लग्नसमारंभात फ्लॅश लावून काढलेल्या छायाचित्रांचा शटरवेगही साधारण याच घरातील असतो. पंखांची गती थांबविण्याचे काम येथे शटर करीतच नाही. ते काम करतो पक्ष्याभोवती मांडलेल्या चार, पाच किंवा सहा लहान फ्लॅशमधून एकाच क्षणी निघणारा अत्यल्पकाळ टिकणारा प्रकाश. ही किमया कशी घडते, एका फ्लॅशने का भागत नाही आणि या साऱ्या खटाटोपात त्या पक्ष्याचे काय होते, हे समजून घेण्याजोगे आहे.

पंखांच्या वेगाचे गणित

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात आढळणारा लाल कंठाचा हमिंगबर्ड वजनाने अवघा तीन ग्रॅमच्या आसपास असतो. त्याचे पंख सेकंदाला सुमारे ५० वेळा हलतात. एका पंखाची लांबी साडेचार सेंटिमीटर धरली आणि तो सुमारे १२० अंशांच्या कमानीत पुढे-मागे होतो असे मानले, तर पंखाचे टोक एका फेरीत जवळजवळ १९ सेंटिमीटर अंतर कापते. पन्नास फेऱ्यांचा हिशेब केला तर सेकंदाला साडेनऊ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३४ किलोमीटर एवढा सरासरी वेग भरतो. कमानीच्या दोन्ही टोकांशी पंख क्षणभर थांबून उलटा फिरतो. त्यामुळे कमानीच्या मध्यावर त्याचा वेग या सरासरीच्या दीडपटीपर्यंत जातो.

हा वेग ऐकावयास फार मोठा वाटत नाही. एखादी मोटार सहज याहून वेगाने जाते. परंतु मोटारीच्या लांबीच्या तुलनेत छायाचित्रातील एखादा सेंटिमीटर नगण्य असतो आणि हमिंगबर्डच्या बाबतीत तेवढ्यात सारा पंख विरघळून जातो. १/१००० सेकंदात पंखाचे टोक नऊ मिलिमीटरहून अधिक सरकते, म्हणजे पंखाच्या लांबीचा पाचवा हिस्सा. १/४००० सेकंदातही ते सव्वादोन मिलिमीटर पुढे गेलेले असते. पिसाच्या कडा स्वच्छ दिसावयाच्या असतील तर हे सरकणे अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणावे लागते आणि त्यासाठी १/२०,००० सेकंद किंवा त्याहूनही कमी काळ टिकणारा प्रकाश लागतो. नेहमीच्या कॅमेऱ्यांतील यांत्रिक शटर साधारणतः १/८००० सेकंदापाशीच थांबते. या दोन आकड्यांमधील अंतर फ्लॅश भरून काढतो.

एजर्टन यांच्यापासून डाल्टन यांच्यापर्यंत

उडणाऱ्या पक्ष्याला छायाचित्रात पकडण्याची धडपड जुनी आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार केला. पक्ष्यावर नेम धरून चाप ओढला की तो सेकंदाला बारा चित्रे टिपीत असे. पक्ष्याच्या उड्डाणाचे टप्पे त्यामुळे प्रथमच क्रमाने पाहता आले. परंतु सूर्यप्रकाश आणि शटर यांच्या जोरावर जेवढे शक्य होते, त्याची मर्यादाही लवकरच स्पष्ट झाली.

ही मर्यादा ओलांडली ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे विद्युत अभियंते हॅरॉल्ड एजर्टन यांनी. वेगाने फिरणाऱ्या यंत्रांचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी १९३१ च्या सुमारास वायूने भरलेल्या नळीतून विजेचा लोट सोडून अत्यल्पकाळ टिकणारा प्रखर प्रकाश निर्माण करण्याचे तंत्र विकसित केले. आजच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचे मूळ या नळीत आहे. फुटणारा फुगा, सफरचंद भेदून जाणारी गोळी, दुधाच्या थेंबाने उमटलेला मुकुट ही एजर्टन यांची छायाचित्रे जगप्रसिद्ध झाली. त्यांनी हमिंगबर्डकडेही आपला प्रकाश वळविला आणि १९४७ मध्ये नॅशनल जिओग्राफिक मासिकातून ती छायाचित्रे वाचकांपुढे आली.

याच काळात इंग्लंडमध्ये एरिक हॉस्किंग रात्री उडणाऱ्या घुबडांचा पाठपुरावा करीत होते. १९३७ मध्ये वेल्समध्ये एका घुबडाने केलेल्या हल्ल्यात त्यांना एक डोळा गमवावा लागला. तरीही त्यांनी पक्षिछायाचित्रण सोडले नाही. चोचीत उंदरासारखा प्राणी धरून पंख उभारलेल्या गव्हाणी घुबडाचे त्यांचे १९४८ सालचे छायाचित्र या क्षेत्रातील मानदंड समजले जाते. अमेरिकेत ड्यूपाँ या रसायन कंपनीचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी छंद म्हणून हमिंगबर्डचा पाठलाग सुरू केला. अभियंत्याच्या शिस्तीने उभारलेल्या फ्लॅशच्या साह्याने टिपलेल्या त्या छायाचित्रांचा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ब्रिटनचे स्टीफन डाल्टन यांनी सत्तरच्या दशकात उडत्या कीटकांसाठी १/२५,००० सेकंद टिकणारा फ्लॅश आणि वेगाने उघडणारे खास शटर वापरले. नंतर हेच तंत्र त्यांनी पक्ष्यांकडे वळविले.

या साऱ्यांची उपकरणे अवजड आणि खास घडविलेली होती. सर्वसामान्य छायाचित्रकाराच्या हाती हे तंत्र आले ते कॅमेऱ्यावर बसविता येणाऱ्या लहान, बॅटरीवर चालणाऱ्या फ्लॅशमुळे.

लहान फ्लॅशचे मोठे गुपित

अशा फ्लॅशमध्ये एक धारित्र म्हणजे कपॅसिटर असतो. बॅटरीतून येणारी वीज त्यात साठविली जाते आणि छायाचित्र घेताना ती झेनॉन वायूच्या नळीतून एकदम सोडली जाते. फ्लॅशची शक्ती कमी केली म्हणजे नळीतील प्रकाश मंद होतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. प्रकाशाची प्रखरता जवळपास तेवढीच राहते. आतील इलेक्ट्रॉनिक स्विच विजेचा प्रवाह मध्येच तोडतो आणि प्रकाश लवकर विझतो. पाण्याचा नळ बारीक करण्याऐवजी पूर्ण उघडून झटकन बंद करावा, तसा हा प्रकार आहे. म्हणजेच शक्ती जितकी कमी, तितका प्रकाशाचा काळ लहान.

निकॉन कंपनीचा २००३ साली आलेला एसबी-८०० हा फ्लॅश हे याचे चांगले उदाहरण. कंपनीने दिलेल्या आकड्यांनुसार पूर्ण शक्तीवर त्याचा प्रकाश १/१०५० सेकंद टिकत असे. शक्ती एक चतुर्थांश केली की हा काळ १/२७०० सेकंद, एक षोडशांश केली की १/१०,९०० सेकंद, १/६४ वर १/३२,३०० सेकंद आणि १/१२८ वर १/४१,६०० सेकंद इतका खाली येत असे. वरचे गणित येथे लावून पाहिले तर पूर्ण शक्तीवर पंखाचे टोक नऊ मिलिमीटर सरकते, एक षोडशांश शक्तीवर एक मिलिमीटरहून किंचित कमी आणि १/६४ शक्तीवर केवळ तीन दशांश मिलिमीटर. एकच फ्लॅश, एकच पक्षी; केवळ शक्तीचा आकडा बदलला की धूसर पट्ट्याचे पिसांत रूपांतर होते.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. हा नियम कॅमेऱ्यावर बसणाऱ्या लहान फ्लॅशला लागू पडतो. स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या अनेक मोठ्या फ्लॅशमध्ये शक्ती कमी करण्यासाठी विजेचा दाब कमी करण्यात येतो आणि त्यामुळे प्रकाशाचा काळ घटण्याऐवजी वाढतो. म्हणून हमिंगबर्डसाठी महागडा स्टुडिओ फ्लॅश नेणाऱ्याच्या पदरी निराशा पडू शकते आणि साध्या लहान फ्लॅशने काम फत्ते होते.

एका फ्लॅशने का भागत नाही?

प्रकाशाचा काळ कमी केला की प्रकाशाची एकूण मात्राही घटते, हे ओघानेच आले. १/६४ शक्तीवर फ्लॅश पूर्ण शक्तीच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढाच प्रकाश देतो. दुसरीकडे छायाचित्रकाराला प्रकाश भरपूर हवा असतो. जवळून टिपलेल्या एवढ्याशा पक्ष्याची चोच, डोळा आणि दोन्ही पंख स्पष्ट यावयाचे तर लेन्सचे छिद्र एफ-१६ किंवा त्याहूनही लहान ठेवावे लागते; अन्यथा डोळा स्पष्ट आणि पंख पुसट असा प्रकार होतो. छिद्र लहान म्हणजे आत येणारा प्रकाश कमी.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणजे फ्लॅशची संख्या वाढविणे. १/६४ शक्तीवरील चार फ्लॅश मिळून जेवढा प्रकाश देतात, तेवढाच प्रकाश १/१६ शक्तीवरील एक फ्लॅश देतो. मात्र तो एकटा फ्लॅश त्यासाठी १/१०,९०० सेकंद घेतो आणि चौघे मिळून तेच काम १/३२,३०० सेकंदात उरकतात. बहुफ्लॅश पद्धतीचे सारे मर्म या एका तुलनेत सामावले आहे. अनेक फ्लॅश लावावयाचे ते उजेडाचा लखलखाट करण्यासाठी नव्हे, तर प्रत्येक फ्लॅशला अगदी थोडे काम देऊन ते अत्यंत कमी वेळात संपविण्यासाठी.

आकड्यांत सांगावयाचे तर उपरोल्लेखित फ्लॅशचा गाइड नंबर आयएसओ १०० वर ३८ मीटर होता. फ्लॅशपासून वस्तूपर्यंतच्या अंतराने या आकड्यास भागले की योग्य छिद्राचा आकडा मिळतो. शक्ती १/६४ केली की गाइड नंबर आठ पटीने घटून पावणेपाचच्या आसपास येतो. फ्लॅश पक्ष्यापासून अर्ध्या मीटरवर ठेवला तर छिद्र साधारण एफ-९.५ भरते. एकाच बाजूने असे चार फ्लॅश टाकले तर हा आकडा दुप्पट, म्हणजे एफ-१९ होतो. प्रत्यक्षात चारही फ्लॅश एका दिशेने लावीत नाहीत, त्यामुळे लाभ थोडा कमी होतो आणि आयएसओ २०० ते ४०० पर्यंत वाढवून तो भरून काढण्यात येतो. फ्लॅश पक्ष्याच्या इतके जवळ, हातभर अंतरावर का असतात, याचे उत्तरही या हिशेबात आहे.

मांडणी

हमिंगबर्डच्या ३५० हून अधिक जातींपैकी सुमारे १३० जाती एकट्या इक्वेडोर या देशात आढळतात. तेथील अँडीज पर्वताच्या उतारावरील मेघवने, कोस्टा रिकामधील डोंगराळ जंगले आणि अमेरिकेतील ॲरिझोना राज्याचा आग्नेय भाग ही या प्रकारच्या छायाचित्रणाची प्रमुख केंद्रे होत. तेथील अनेक निवासस्थानांच्या ओसरीत साखरपाण्याची भांडी टांगलेली असतात. चार भाग पाणी आणि एक भाग साखर असे त्याचे सर्वमान्य प्रमाण आहे. या भांड्यांना सरावलेले पक्षी दिवसभर ये-जा करीत असतात.

छायाचित्रणाच्या वेळी आसपासची इतर भांडी काढून घेण्यात येतात आणि एकच ठेवण्यात येते. पक्षी त्याला सरावला की भांड्याच्या तोंडाशी स्थानिक फूल बांधतात किंवा भांडे हटवून त्या जागी फूल ठेवतात आणि फुलाच्या नळीत पिचकारीने साखरपाणी भरतात. हमिंगबर्डची एक सवय येथे कामी येते. मध पिताना तो मध्येच चोच बाहेर काढून काही सेंटिमीटर मागे सरकतो, क्षणभर तरंगतो आणि पुन्हा पुढे येतो. तो नेमका कोठे तरंगणार हे आधीच ठाऊक असल्याने कॅमेरा दीड-दोन मीटरवर ट्रायपॉडवर पक्का करून फोकस त्या जागी ठरवून ठेवता येतो.

फ्लॅशची मांडणी साधारणतः अशी असते. दोन फ्लॅश समोरून, कॅमेऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना, पक्ष्याच्या किंचित वर. एक खालून, पोटाकडील आणि पंखाखालचा अंधार घालविण्यासाठी. एक मागून वरच्या बाजूने, पक्ष्याच्या कडेवर प्रकाशाची रेघ उमटविण्यासाठी. आणखी एक किंवा दोन फ्लॅश केवळ पार्श्वभूमीसाठी. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश होतो. फ्लॅश पक्ष्यापासून हातभर अंतरावर असल्याने चार-पाच मीटर मागे असलेल्या झाडीपर्यंत त्यांचा प्रकाश पोहोचतच नाही आणि भर दिवसा काढलेल्या छायाचित्रात मागे काळोख दिसतो. तो टाळण्यासाठी पक्ष्याच्या मागे मीटर-दीड मीटरवर हिरवा रंगविलेला फलक किंवा झाडीचे मोठे, चकाकी नसलेले छापील चित्र उभे करतात आणि त्यावर स्वतंत्र फ्लॅश टाकतात. छायाचित्रात दिसणारी सुंदर हिरवाई अनेकदा ही अशी कागदावरची असते.

पक्ष्यावर पडणाऱ्या प्रकाशाची कमी-जास्त मात्रा ठरविताना नवशिक्यांकडून एक गोष्ट हमखास निसटते. मागचा फ्लॅश कमी पडतो म्हणून त्याची शक्ती १/६४ वरून १/८ वर नेली, तर त्याचा प्रकाश इतरांपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकतो आणि स्वच्छ पंखांच्या कडेने धुरकट झालर दिसू लागते. म्हणून पक्ष्यावरील सर्व फ्लॅशची शक्ती एकसारखी ठेवून मात्रा बदलावयाची ती अंतराने. कमी पडला तर स्टँड जवळ आणावयाचा, अधिक झाला तर मागे सरकवावयाचा. पार्श्वभूमीच्या फ्लॅशला हे बंधन नाही, कारण फलक हलत नाही. मात्र त्याचा प्रकाश पक्ष्यावर सांडणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

सारे फ्लॅश एकाच क्षणी उडणे हेही तितकेच महत्त्वाचे. पूर्वी त्यासाठी तारा जोडीत. पुढे एका फ्लॅशच्या प्रकाशाने दुसरा उडविणारे प्रकाशसंवेदी स्विच आणि रेडिओ ट्रिगर आले. निरनिराळ्या बनावटीची उपकरणे एकत्र केली तर त्यांच्या प्रतिसादात सेकंदाच्या सहस्रांशाचा फरक पडू शकतो आणि तेवढ्यात पंख दुसरीकडे गेलेला असल्याने एका पक्ष्याला चार पंख दिसतात. एकाच जातीचे फ्लॅश आणि ट्रिगर वापरण्याचा आग्रह त्यासाठीच धरला जातो.

दिवसाचा उजेड हाच अडथळा

बहुफ्लॅश पद्धतीत नैसर्गिक उजेड मित्र नसून शत्रू असतो. शटर १/२५० सेकंद उघडे असते. फ्लॅशचा प्रकाश त्यातील जेमतेम शंभरावा भाग टिकतो. उरलेल्या वेळात आजूबाजूचा उजेड लेन्समधून आत येतच असतो आणि त्या उजेडात पंखांची धूसर हालचाल नोंदली जाते. स्वच्छ प्रतिमेवर पुसट प्रतिमा चढते. आयएसओ १०० आणि एफ-१६ असता लख्ख उन्हात १/१०० सेकंदात योग्य प्रकाशाचे छायाचित्र मिळते, हा छायाचित्रकारांचा जुना आडाखा आहे. म्हणजे उन्हात १/२५० सेकंदालाही आवश्यक उजेडाच्या चाळीस टक्के उजेड आत येणार. म्हणून ही मांडणी दाट सावलीत, ओसरीत किंवा कापडी छताखाली करण्यात येते. परीक्षा सोपी आहे. सर्व फ्लॅश बंद ठेवून एक छायाचित्र काढावयाचे. ते पूर्णपणे काळे आले तर मांडणी योग्य. त्यात फूल दिसू लागले तर सावली वाढवावयास हवी.

शटरवेग वाढवून हा उजेड का तोडत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. कॅमेऱ्यातील शटरचे दोन पडदे एकामागून एक सरकतात. १/२५० सेकंदाच्या पुढे संपूर्ण चौकट एकाच क्षणी उघडी राहत नाही. एक फट चौकटीवरून सरकत जाते. अशा वेळी क्षणिक फ्लॅशने चौकटीचा एखादा पट्टाच उजळतो. हायस्पीड सिंक नावाच्या सोयीत फ्लॅश फट सरकेपर्यंत लागोपाठ स्पंदने सोडीत राहतो. नावात वेग असला तरी त्यात फ्लॅशचा क्षणिकपणाच नाहीसा होतो आणि गती थांबविण्याची जबाबदारी पुन्हा शटरवर येते. हमिंगबर्डच्या पंखांसाठी ही सोय म्हणूनच उपयोगाची नाही.

कंठाचा रंग आणि कोन

फ्लॅश अनेक असण्याचा आणखी एक लाभ आहे. हमिंगबर्डच्या कंठावरील झळाळता लाल, जांभळा किंवा हिरवा रंग हा रंगद्रव्याचा नसतो. पिसांतील अतिसूक्ष्म थरांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरींच्या परस्परक्रियेतून तो निर्माण होतो. ग्रीनवॉल्ट यांनी सहकाऱ्यांसह या विषयावर १९६० मध्ये शोधनिबंधही लिहिला होता. असा रंग ठरावीक कोनातूनच दिसतो. प्रकाश बाजूने आला तर तोच कंठ काळा भासतो. म्हणून समोरच्या फ्लॅशपैकी एक लेन्सच्या शक्य तितका जवळ ठेवण्यात येतो. पक्ष्याने मान वळविली की तो कंठ निखाऱ्यासारखा पेटतो आणि पुढच्याच चित्रात विझलेला असतो. शेकडो चित्रांतून एखादेच निवडले जाते, त्याचे हेही एक कारण.

नवे कॅमेरे आल्यावर

अलीकडच्या कॅमेऱ्यांत अधिक आयएसओवरही छायाचित्र स्वच्छ येते, सेकंदाला वीस-तीस चित्रे टिपता येतात आणि पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस आपोआप ठरतो. मोठ्या पक्ष्यांच्या उड्डाणासाठी फ्लॅशची गरज त्यामुळे जवळजवळ उरलेली नाही. त्यांच्या पंखांची फडफड सावकाश असते आणि १/२००० किंवा १/४००० सेकंदात ती सहज थांबते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सोनी कंपनीने जाहीर केलेल्या अल्फा-९ मालिकेतील तिसऱ्या कॅमेऱ्यात संपूर्ण चौकट एकाच क्षणी वाचणारा संवेदक आहे आणि फ्लॅशशी तो १/८०,००० सेकंदापर्यंत मेळ राखतो. दिवसाच्या उजेडाशी चाललेली वर वर्णिलेली झुंज त्याने बरीच सोपी होते. तरीही सावलीतील मेघवनात, लहान छिद्र ठेवून, पंखाचे पीस न् पीस हवे असेल तर प्रकाश कोठून तरी आणावाच लागतो. गणित बदललेले नाही.

पक्ष्याची बाजू

या तंत्राचा सर्वांत अवघड प्रश्न तांत्रिक नाही. हमिंगबर्डचे शरीर अतिशय वेगाने ऊर्जा खर्च करते. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने त्याला खावेच लागते आणि अनेक जाती रात्री शरीराचे तापमान खाली आणून ऊर्जा वाचवितात. अशा पक्ष्याची नेहमीची भांडी काढून घेऊन त्याला सहा फ्लॅशच्या मधोमध असलेल्या एकाच फुलाकडे वळविले जाते. फ्लॅश उडूनही पक्षी पुन्हा पुन्हा येतो, याअर्थी त्याला त्रास होत नाही, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. त्यात तथ्य आहे; कमी शक्तीवरील प्रकाश सौम्य असतो आणि सरावलेले पक्षी त्याकडे फारसे लक्ष देताना दिसत नाहीत. परंतु भुकेल्या पक्ष्यापुढे दुसरे भांडेच ठेवलेले नसेल, तर त्याच्या परतण्याला संमती म्हणता येत नाही. म्हणून जबाबदार छायाचित्रकार सत्र थोडक्यात आटोपतात, मधूनमधून भांडी परत लावतात, पक्षी दचकू लागला तर फ्लॅश बंद करतात आणि थंड, पावसाळी दिवशी पक्ष्यांना खाण्यावाचून अडवून ठेवीत नाहीत.

घुबड, रातवा यांसारख्या निशाचर पक्ष्यांची गोष्ट आणखी वेगळी. अंधाराला सरावलेल्या त्यांच्या डोळ्यांवर रात्री फ्लॅश टाकल्यास काही काळ शिकार करणे किंवा अडथळे चुकविणे त्यांना कठीण जाऊ शकते. अमेरिकेतील नॅशनल ऑड्युबॉन सोसायटीने आपल्या मार्गदर्शक सूचनांत रात्री अशा पक्ष्यांवर फ्लॅश वापरू नये, असे म्हटले आहे. हॉस्किंग यांच्या काळात दुसरा मार्ग नव्हता. आज तो आहे.

महाराष्ट्रात हमिंगबर्ड नाही. त्याची आठवण करून देणारा शिंजीर म्हणजे सूर्यपक्षी मात्र घराच्या गच्चीतही येतो. तो बहुधा फांदीवर बसूनच मध पितो, क्वचित तरंगतो. त्याचे लोंबते घरटे अनेकदा सज्जातील वेलीवर किंवा तारेवर हाताच्या अंतरावर असते आणि पिलांना भरविण्यासाठी तो ठरलेल्या वाटेने पुन्हा पुन्हा येतो. वर वर्णिलेली सारी मांडणी तेथे सहज करता येईल आणि नेमकी तेथेच ती करू नये. फ्लॅशच्या स्टँडमुळे आई-बाप बिचकले तर पिलांची उपासमार होते आणि कावळ्यासारख्या भक्षकांना घरट्याचा माग लागतो. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी जाण्यासही परवाना लागतो. फुलांनी बहरलेल्या वेलीपाशी, घरट्यापासून दूर, दोन लहान फ्लॅश लावून हे तंत्र शिकता येते.

उरतो तो प्रामाणिकपणाचा प्रश्न. छापील पार्श्वभूमी, पिचकारीने भरलेले फूल आणि चार दिशांनी आलेला प्रकाश असे छायाचित्र निसर्गाचे म्हणावे काय? जाणकार नजरेला पक्ष्याच्या डोळ्यातील दोन-तीन चमकते ठिपके पाहूनच फ्लॅशची संख्या कळते. इतरांना मात्र ते कळण्याचा मार्ग नसतो. पंखाचा आकार, पिसांची वळणे, चोच आणि फूल यांचा मेळ हे सारे त्या छायाचित्रात खरेच असते. हिरवाई खरी नसते. चित्राखालच्या ओळीत तसे नमूद केले की फसवणुकीचा आक्षेप उरत नाही. एजर्टन यांनी आपली साधने कधी लपविली नाहीत, उलट ती तपशीलवार समजावून सांगितली. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट दाखविणे हा या प्रकाशाचा मूळ हेतू आहे. तो साधताना कोणते फूल, किती फ्लॅश आणि कसली पार्श्वभूमी हे सांगण्यास दोन ओळी पुरतात. आणि पक्ष्याला त्याचे भांडे परत देण्यास काही मिनिटे.